सहावं उलथणं

"नुसतं बघून काय कळतंय ताई," दस्तगीर म्हणाला. "पोळी काढा. पोळीखाली घालून बघा, मग काय ते बोला."

ऐनापुऱ्यांनी पिशवीतून डबा काढला. त्यात सकाळी मीच लाटलेल्या पुरणपोळ्या होत्या. या कामासाठी मुद्दाम जरा जास्तच मऊ ठेवल्या होत्या, म्हणजे उलथणं वाईट असलं तर लगेच फाटाव्यात. दस्तगीरनं भट्टीशेजारच्या विटांवर एक मोठा तवा ठेवला, फडक्यानं पुसला, आणि मी त्यावर पहिली पोळी पसरली. समोर फळकुटावर सहा उलथणी ओळीनं मांडली होती. नवी, निळसर, अजून तेलाचा वास असलेली.

मिरजेच्या बाजारामागचा एक बोळ होता तो. दस्तगीर शिकलगार तिथं विळ्या, सुऱ्या, अडकित्ते करायचा, आणि कुणी मागितलीच तर उलथणी. मोटारीच्या जुन्या स्प्रिंगांच्या पाट्यांचं पोलाद ठोकून ठोकून इतकं पातळ करायचा की ते वाकायचं आणि सोडलं की सरळ व्हायचं. पोळीच्या उलथण्याला तेच लागतं.

मी तेव्हा सांगलीत शारदाकाकूंच्या पोळी केंद्रात पोळ्या करायचे, आणि ऐनापुरे तिथंच पुरण शिजवायचे. आता ते काम सोडून सोलापुरात स्वतःचं केंद्र काढणार होते. जागा मिळाली होती, ओटा बांधून झाला होता, सहा शेगड्या बसल्या होत्या. "उलथणी तेवढी तुम्ही निवडून द्या, मालनबाई," असं मला म्हणाले. मी हो म्हटलं. पण खरं सांगते, मी काही उलथणी बघायला मिरजेला गेले नव्हते. सहा शेगड्यांना सहा बायका लागतात. पाच त्यांनी ठरवल्या होत्या, आणि सहावीचं विचारलं की नुसतं "बघू" म्हणायचे. ती सहावी मी असावी, एवढंच माझ्या मनात होतं. आणि नुसती पोळीवाली म्हणून नव्हे. काय ते त्यांनी त्या दिवशी विचारावं म्हणून मी कडक इस्त्रीची साडी नेसून त्या भट्टीच्या धुरात उभी होते.

वडील अर्धांगानं अंथरुणाला खिळले होते, त्यांचं करण्यात माझी तिशी उलटली. ते गेल्यावर नातेवाईक म्हणाले, आता मालनचं बघायला पाहिजे. म्हणाले आणि जेवून घरी गेले. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही, कारण तोवर मी ऐनापुऱ्यांची वाट बघायला लागले होते.

माणूस सरळ. जत तालुक्यातला, साधा, स्वच्छ. बोलायला मात्र महाकंजूस. सगळं केंद्र मला मालनताई म्हणायचं. काकूंचे यजमान माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, तेसुद्धा ताई म्हणायचे. ऐनापुरे एकटे मालनबाई म्हणायचे. एवढ्याशा गोष्टीवर मी मनात किती मजले चढवले होते, ते आता सांगायलाही लाज वाटते.

मिरजेला जायच्या आधी आम्ही सांगलीतली भांड्यांची दुकानं पालथी घातली होती. एका दुकानदारानं आमच्यापुढं चकचकीत स्टीलच्या उलथण्यांचा ढीग ओतला.

"एकदम जाड माल आहे ताई. मोठे मोठे हॉटेलवाले हाच नेतात. जन्मात मोडणार नाही."

"तेच तर दुखणं आहे," मी म्हटलं. "हे मोडणार नाही, पोळी मोडेल."

"प्लॅस्टिकची मूठ आहे. हात भाजत नाही."

"दिवसभर शेगडीशी राहिलं की मूठच वितळायची. मग पुरणात काय घालू, वेलदोडा की प्लॅस्टिक?"

ऐनापुरे बाजूला उभे राहून गालातल्या गालात हसत होते. दुकानाबाहेर पडल्यावर म्हणाले, "त्या बिचाऱ्याला फार बोललात."

"मग तुम्ही बोलायचं होतं. तोंड आहे ना तुम्हाला?"

"आहे," ते म्हणाले, आणि पुढं गप्प.

लाकडी उलथणी तेवढी त्याच दुकानातून घेतली, पुरणासाठी. त्यात त्यांना कुणी काही शिकवायची गरज नव्हती. शिसवीचं लांब दांड्याचं उलथणं ते कढईत फिरवत राहायचे आणि मधेच हात काढून घ्यायचे. उलथणं पुरणात आपोआप उभं राहिलं की पुरण झालं. ते उभं राहीपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायचे नाहीत. उभं राहिल्यावरही फारसं बोलायचे नाहीत म्हणा. पातेली भरून एकेका तव्यापाशी नेऊन ठेवायचे. बाकीच्या बायकांना उजव्या बाजूला, मला डाव्या. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

तर दस्तगीरकडं मी पहिलं उलथणं उचललं. पात वाकवली, सोडली, नखानं टिचकी मारून बघितली. पोळीच्या उलथण्यात बघायचं असं फार काही नसतं. पात तळव्याएवढी रुंद हवी, कडेला पातळ हवी, आणि डावा कोपरा घासून गोल केलेला हवा. उलथणं तिरकं सरकवलं की तो कोपरा आधी पोळीखाली जातो. तो टोकदार राहिला तर पोळीच्या पोटात घुसतो आणि पुरण तव्यावर येतं. तवा एकदा पुरणानं माखला की पुढच्या सगळ्या पोळ्या करपतात.

पहिलं उलथणं पोळीखाली गेलं ते कळलंसुद्धा नाही. पोळी उलटली, जशीच्या तशी.

"हे चांगलं," मी म्हटलं. दुसरं घेतलं. "हेही चांगलं, पण मूठ जड आहे."

"बाभळीची हाय ताई. वापरून हलकी हुईल."

"मूठ हलकी होईल की वापरणारीचा हात?"

दस्तगीर हसला आणि मूठ तासायला बाजूला ठेवली. तिसरं, चौथं, पाचवं, सगळी उत्तम. ऐनापुरे डबा धरून माझ्याशेजारी उभे होते, एकेक पोळी काढून देत होते. मधे त्यांनी माझ्या तोंडावर येणारा धूर हातातल्या टोपीनं हटवला. मी मनात म्हटलं, आता विचारतील.

"आता हे सहावं," मी म्हटलं. "हे कुणाच्या हातात जायचं?" मुद्दामच विचारलं.

ऐनापुरे भट्टीकडं बघत म्हणाले, "तुम्ही आधी बघा तर."

दस्तगीरनं भाता थांबवला. मी सहावं उलथणं पोळीखाली घातलं, आणि कोपरा सरळ पोळीत घुसला. पुरण बाहेर आलं. मी उलथणं वर धरून बघितलं. डावा कोपरा टोकदार, आणि उजवा सुरेख गोल घासलेला.

"हे चुकलंय," मी म्हटलं.

"काय चुकलं?" ऐनापुऱ्यांनी विचारलं.

"कोपरा उलट्या बाजूचा घासलाय. हे बघा, ही पाच अशी, आणि हे असं. दस्तगीरभाई, लक्ष कुठं होतं तुमचं?"

दस्तगीरनं ऐनापुऱ्यांकडं बघितलं.

"परत एकदा बघा," ऐनापुरे म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता, पण डबा त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. "नीट हातात घेऊन बघा. घाई नाही."

मी परत घातलं. दुसरी पोळीही फाटली. मला राग यायला लागला होता. सहावीचं बोलायचं सोडून हा माणूस मला एका बिघडलेल्या उलथण्याशी खेळवत बसला होता.

"किती वेळा बघू?" मी म्हटलं. "हे माझ्या काय, कुणाच्याच कामाचं नाही. असलं उलथणं ओट्यावर ठेवूसुद्धा नका. मला कुणी फुकट दिलं तरी मी घ्यायची नाही."

आणि मी ते फळकुटावर टाकून दिलं.

"नको म्हणता?" ऐनापुऱ्यांनी विचारलं.

"नकोच."

"बरं," ते म्हणाले. "राहू दे मग."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून काढून परत लावलं. मग दस्तगीरला म्हणाले की पाचच द्या, सहावं सोलापुरात बघतो.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले आणि ते शेजारी, मांडीवर कापडात गुंडाळलेली पाच उलथणी. मी वाट बघत होते. बस मिरज सोडून बाहेर पडली तेव्हा ते म्हणाले, "सहावी बाईसुद्धा सोलापुरातच बघतो."

"बघा की," मी म्हटलं. "तुमचं केंद्र, तुमची मर्जी."

विश्रामबाग येईपर्यंत मी बाहेरच बघत होते. पदरानं डोळे पुसले तर त्यांना दिसेल, म्हणून पुसलेही नाहीत. वाऱ्यानं आपोआप वाळले.

दोन-चार दिवसांनी ते गेले. काकूंच्या पाया पडले, बायकांचा निरोप घेतला आणि शेवटी माझ्या तव्यापाशी आले.

"येतो, मालनबाई. काही चुकलं असेल तर मनात ठेवू नका."

"तुमचं कसलं चुकतंय," मी म्हटलं. "चुकायला आधी काहीतरी बोलावं लागतं."

ते जरासं हसले आणि गेले. माझी जीभ तेव्हाही अशीच होती.

त्यांच्या जागी दुसरा पुरणवाला आला. बरा होता, हात चांगला होता. तो पातेलं माझ्या उजव्या बाजूला ठेवायचा, सगळ्यांना ठेवायचा तसंच. दर खेपेला मी ते उचलून डावीकडं घ्यायचे आणि दर खेपेला ऐनापुरे आठवायचे. लाकडी उलथणं पुरणात उभं राहिलेलं दिसलं तरी पुरे व्हायचं. दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं. कुणी सोलापूरचं नाव काढलं की मी कान टवकारायचे, पण ऐनापुऱ्यांची बातमी काही येत नव्हती, आणि आपण होऊन विचारायचा माझा स्वभाव नव्हता.

मार्गशीर्षात गुरुवारच्या पोळ्यांची गर्दी सुरू झाली, तेव्हा माझ्या उलथण्याची कड बोथट झाली म्हणून मी धार लावायला दस्तगीरकडं गेले. तो घासत बसला आणि मी सहज वर बघितलं. भिंतीवरच्या खुंटीला ते सहावं उलथणं लटकत होतं.

"अजून ठेवलंय का ते?" मी म्हटलं. "ठोकून अडकित्ता तरी करायचा त्याचा."

"कसा करू ताई? त्याच्यापायी त्या माणसानं तीन खेपा मारल्या मिरजंला."

"कुणी?"

"ऐनापुऱ्यांनी. मीबी आधी म्हणलं, सायेब, तुमची चूक हुतीय, डावा कोपरा घासायचा असतोय. तर म्हणले, न्हाई, उजवाच घासा. ज्यांच्यासाठी करायचंय त्या डावखुऱ्या हाईत."

मी तिथल्या ओंडक्यावर बसले.

बघा, एवढं सगळं सांगितलं, पण हे मी तुमच्यापासूनही आतापर्यंत लपवलं. लपवायची सवय अशी असते. मी डावखुरी आहे. लहानपणी आई माझा डावा हात परकराच्या नाडीला बांधून ठेवायची आणि मग म्हणायची, आता लाट. नैवेद्याच्या ताटाला डावा हात लागायचा नाही. देवाचं कशाला, पाहुण्यांना वाढतानासुद्धा मी डाव्या हाताभोवती पदर गुंडाळून घ्यायचे. शारदाकाकूंचा तर कडक नेम होता. त्यांच्याकडं सणासुदीला, श्रावणात नैवेद्याच्या पोळ्या जायच्या, आणि डाव्या हातानं उलटवलेली पोळी देवापुढं चालायची नाही. म्हणून चारचौघांत मी उजव्या हातानंच उलथणं धरायचे. घाईच्या वेळी, कुणी बघत नसलं की डाव्या हातात घ्यायचे. दोन्ही हातांनी जमवलं होतं, पण उजव्या हातानं मी पोळ्या करायचे आणि डाव्या हातानं त्या आपोआप व्हायच्या.

एका होळीला ऑर्डरींचा डोंगर होता. मी कोपऱ्यातल्या तव्याशी, सगळ्यांकडं पाठ करून, डाव्या हातानं भराभर पोळ्या उलटवत होते. ऐनापुरे पातेलं घेऊन आले आणि तिथंच उभे राहिले. मी घाबरून उलथणं दुसऱ्या हातात घेतलं. त्यांनी पातेलं माझ्या डावीकडं ठेवलं आणि गेले. तेव्हापासून ते नेहमी तिथंच ठेवायचे. काकू फेरी मारायला आल्या की कुठूनतरी येऊन मधे उभे राहायचे, काकूंना तिखटमिठाचं काहीतरी विचारत बसायचे. एरवी न बोलणारा माणूस तेवढ्यापुरता बोलका व्हायचा. मला वाटायचं, योगायोग असेल. योगायोगच असू दे, असं मीच म्हणायचे, कारण त्यांना कळलंय म्हटलं की मला तोंड दाखवायची लाज वाटली असती.

आणि डावखुऱ्या माणसासाठी निराळं उलथणं करता येतं, हे मला माहीतच नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. आजवर माझ्या हातात जी वस्तू नीट बसली नाही, तिथं मी चूक माझ्या हाताची धरत आले होते.

"मग त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?" मी दस्तगीरला विचारलं.

"शपथ घातलेली की त्यांनी. म्हणले, कुणी काय सांगायचं न्हाई. हातात घेतलं की त्यांना कळंल." त्यानं धार लावायचं थांबवलं. "तुमी तर असं फेकून दिलासा. मला वाटलं, बाईला माणूस पसंत न्हाई. मग आपण कशाला तोंड घाला?"

मी उठले, खुंटीवरचं उलथणं काढलं आणि डाव्या हातात घेतलं. बोटं मुठीवर जिथं पडायला पाहिजेत तिथं पडली. त्या बोळात उभी राहून मी रडले, दस्तगीरसमोर, आणि पदर डाव्या हाताभोवती गुंडाळायचं भानही राहिलं नाही. तो बिचारा पाणी आणायला आत गेला.

दुसऱ्याच दिवशी मी काकूंना मावसबहीण आजारी असल्याची थाप मारली आणि सोलापूरची एसटी धरली. उलथणं फडक्यात गुंडाळून पिशवीत होतं. काय बोलायचं ते वाटेत सारखं मनात म्हणत होते. ऐनापुरे, हे मला बसलं. एवढंच. त्यांना जास्त बोललेलं आवडायचं नाही आणि मला जास्त बोलता आलं नसतं.

केंद्र सापडायला त्रास पडला नाही. गल्लीच्या तोंडापासूनच तुपाचा वास येत होता. ते दारातच उभे होते, एका गिऱ्हाइकाला पुडा बांधून देत. मला बघितलं आणि हातातला दोरा तसाच राहिला.

"मालनबाई?"

"सोलापुरात काम होतं," मी म्हटलं. "म्हटलं उलथणी कशी चाललीत बघून जावं."

"या. आत या." मग आत तोंड करून म्हणाले, "महानंदा, पाणी आण."

हिरवा चुडा भरलेली एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. गळ्यात नवं मंगळसूत्र. गोरीपान, हसरी, घामानं कुंकू जरासं पसरलेलं. मी पाणी प्यायले. सगळं प्यायले, कारण तांब्या खाली ठेवला की काहीतरी बोलावं लागणार होतं.

"तुळशीच्या लग्नानंतर झालं," ऐनापुरे म्हणाले. "घरच्यांनी घाईनं ठरवलं. पत्रिका..."

"पोचली नसेल," मी म्हटलं.

महानंदेला माझं नाव माहीत होतं. पोळी म्हणजे मालनबाईंची, असं हे सारखं म्हणतात, असं तिनंच मला सांगितलं आणि हात धरून आत नेलं. सहा शेगड्यांचा लांब ओटा होता. पाच बायका कामात होत्या, पाचहीजणींच्या हातात मी निवडलेली उलथणी. प्रत्येक शेगडीच्या उजव्या हाताला पुरणाचं पातेलं, तुपाची वाटी, आणि उलथणं उभं ठेवायला भिंतीत खाच. सहावी शेगडी टोकाला होती, खिडकीशी. तिथं वारा छान येत होता.

"ही माझी," महानंदा म्हणाली. "पण ताई, ही शेगडी बघा की, उलटीच बांधलीय. पातेल्याची जागा डावीकडं, तूप डावीकडं, उलथण्याची खाचसुद्धा डावीकडं. दर पोळीला अंगावरून हात न्यायचा. संध्याकाळपर्यंत खांदा भरून येतो. लग्न झाल्यापासून सांगतेय, फिरवून घ्या म्हणून. ऐकतील तर शपथ."

"गवंड्यानं चूक केली," ऐनापुरे मागून म्हणाले. ते दाराच्या चौकटीत उभे होते आणि माझ्याकडं बघत नव्हते.

"चूक केली तर दुरुस्त करायची," महानंदा म्हणाली. "हे आपले, बघू म्हणतात. ताई, एक पोळी करून दाखवा की. मला तेवढी चांगली जमत नाही अजून."

तेवढ्यात बाहेर कुणी गिऱ्हाइकानं हाक मारली. ती हात पुसत काउंटरवर गेली.

मी सहाव्या शेगडीपाशी जाऊन उभी राहिले. गोळा घेतला, पुरण भरलं, लाटलं. पातेल्याकडं बघावंसुद्धा लागलं नाही. वाटीकडं बघावं लागलं नाही. त्या ओट्यापाशी मी पहिल्यांदाच उभी होते आणि हात जिथं जाईल तिथं हवी ती वस्तू होती. पोळी तव्यावर टाकली. मग पिशवीतून फडकं काढलं, सोडलं, आणि उलथणं डाव्या हातात घेतलं. त्या पाचही बायका बघत होत्या. बघू देत म्हटलं. उलथणं पोळीखाली गेलं, पोळी उलटली आणि टम्म फुगली.

ऐनापुरे जवळ आले होते. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "बसलं हातात?"

"बसलं."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी मी उजव्या हातात धरलं होतं, ऐनापुरे."

ते माझ्या हाताकडं बघत राहिले. मग त्यांनी तोंडावरून हात फिरवला, एकदा, खालपर्यंत. पोळी उतरायची वेळ झाली होती, मी उतरवली आणि तूप सोडलं. उलथणं पुसलं. ते भिंतीतल्या खाचेत एकदा ठेवून बघितलं, अगदी बरोबर बसलं. मग काढून परत पिशवीत टाकलं.

ऐनापुरे बाहेर गेले. काउंटरवरून त्यांचा आवाज आला.

"महानंदा, उद्या गवंड्याला बोलावतो. शेगडी फिरवून घेऊ."

"आता बरं सुचलं," ती म्हणाली. खरंच खूश झाली होती.

निघताना तिनं मी केलेली पोळी केळीच्या पानात बांधून मला दिली. "वाटेत खा ताई, तुमच्याच हातची आहे." मी तिला म्हटलं, सुखी राहा, आणि मनापासून म्हटलं. तिचा काही दोष नव्हता. ऐनापुरे स्टँडपर्यंत पोचवायला येतो म्हणाले, मी नको म्हटलं.

त्या वर्षीच्या होळीला मी शारदाकाकूंच्या केंद्रात सगळ्यांसमोर डाव्या हातानं पोळ्या केल्या. काकूंनी भलता गोंधळ घातला, मी काम सोडलं, स्वतःचं छोटं केंद्र काढलं. सुरुवातीला लोक नाकं मुरडायचे. आता नैवेद्याच्या पोळ्यासुद्धा माझ्याकडूनच नेतात. त्या उलथण्याची पात झिजून निम्मी झालीय. दस्तगीरचा मुलगा म्हणतो, मावशी, नवीन करून देतो. मी त्याला म्हणते, बघू.

ती पोळी मी त्या दिवशी एसटीत खाल्ली. गाडी सोलापूरच्या बाहेर पडेपर्यंत थांबले आणि मग पान सोडलं. लाटली मीच होती, पण पुरण त्यांनी शिजवलेलं होतं. पहिल्याच घासाला कळलं.